नकाराचं बटण कुठे आहे?

पदरचे चाळीस-पन्नास हजार रुपये मोजून घरात आणलेला संगणक कधी बंद होणार, कधी पुन्हा सुरू होणार आणि सुरू झाल्यावर कसा दिसणार, हे ठरवण्याचा अधिकार आज तो विकत घेणाऱ्याकडे नाही. विंडोजची होम आवृत्ती असेल, आणि दुकानातून आणलेल्या बहुतेक घरगुती लॅपटॉपवर तीच असते, तर कंपनी पाठवील ते, पाठवील तेव्हा घ्यायचं. पडद्यावर पर्याय येतात ते 'आत्ता रिस्टार्ट करा' किंवा 'वेळ ठरवा' असे. 'हे मला नको' असा पर्याय येत नाही. तो द्यायचा राहून गेलेला नाही. तो पूर्वी होता, तो काढून घेतला, आणि दहा वर्षं लोक ओरडत असताना परत दिलेला नाही. याला मी दांडगाई म्हणतो.

अपडेटच नकोत असं माझं म्हणणं नाही. कोट्यवधी ओळींच्या प्रणालीत भोकं राहणारच आणि सापडतील तशी ती बुजवावी लागणारच. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी या दुरुस्त्या देते. त्या नियमितपणाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दुरुस्त्यांच्या आडून घरात जे घुसवलं जातं त्याबद्दल. नव्या आवृत्त्या, न मागितलेली अॅप्स, बदललेले मेनू, जाहिराती, हे सगळं सुरक्षेच्याच दारातून आत येतं. आणि दुसरी तक्रार अशी की नकाराचा जो हक्क घरगुती माणसाला नाकारला जातो, तोच हक्क मोठ्या कंपन्यांना रीतसर विकला जातो.

दुसऱ्या मंगळवारचंच घ्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला हे अपडेट सुटतं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो. जीएसटीचं जीएसटीआर-१ हे मासिक विवरणपत्र ११ तारखेपर्यंत भरायचं असतं. म्हणजे घरी बसून चार दुकानदारांचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या ऐन घाईच्या दिवसांतच त्याचा संगणक पडदा निळा करून, टक्के मोजत, 'बंद करू नका' असं बजावत बसू शकतो. मध्येच महावितरणची वीज गेली आणि घरी इन्व्हर्टर नसला तर पुढचा दिवस त्या संगणकाच्या मनधरणीत जातो. रेडमंडच्या मुख्यालयातल्या कुणी आपलं जीएसटीचं वेळापत्रक बघून हे ठरवलेलं नाही, हे मला मान्य आहे. त्यांना ते माहीत असणं शक्यच नाही. म्हणूनच वेळ ठरवायचा हक्क ज्याचं काम आहे त्याच्या हातात असायला हवा.

यावर कंपनीने दिलेलं उत्तर म्हणजे 'अॅक्टिव्ह अवर्स'. तुम्ही संगणक कोणत्या तासांत वापरता ते सांगा, त्या वेळात आम्ही तो आपोआप रिस्टार्ट करणार नाही. हे तास जास्तीत जास्त अठराच ठेवता येतात. उरलेले सहा तास तुमच्या संगणकावर सत्ता कंपनीची. रात्रभर चित्रफितीचं रेंडरिंग लावून झोपणारा, मोठी आकडेमोड चालू ठेवणारा संशोधक विद्यार्थी, जुन्या ग्रंथांची पानं स्कॅन करून रात्री त्यांची ओळख पटवायचं काम यंत्रावर सोडणारा अभ्यासक, या सगळ्यांनी चोवीस तास काम करणारं यंत्र विकत घेतलेलं असतं. त्यांच्या वाट्याला अठरा तासांचं यंत्र का यावं, याचं उत्तर कुणीही दिलेलं नाही.

हे सगळं इथवर कसं आलं, ते विसरून चालणार नाही. विंडोज १० बाजारात आली २९ जुलै २०१५ रोजी. विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना ती वर्षभर फुकट मिळणार होती. फुकट देण्यात गैर काहीच नव्हतं. पण लोक आपल्या मर्जीने येतील यावर कंपनीचा विश्वास नव्हता. आधीच केबी३०३५५८३ या क्रमांकाचं एक अपडेट नेहमीच्या दुरुस्त्यांबरोबर लोकांच्या संगणकांत उतरवलेलं होतं. त्यात कोणतंही भोक बुजवलेलं नव्हतं. कोपऱ्यात विंडोज १० ची खूण आणून बसवणं आणि वेळोवेळी खिडक्या उघडून आग्रह करणं, एवढंच त्याचं काम. दुरुस्त्यांची वाट जाहिरातीसाठी वापरायला इथे उघडपणे सुरुवात झाली.

मग सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीला कबूल करावं लागलं की ज्यांनी नवी आवृत्ती मागितलेलीच नाही त्यांच्याही संगणकांत तिच्या फायली आधीच उतरवून ठेवल्या जात आहेत. लपवलेल्या फोल्डरमध्ये साडेतीन ते सहा जीबी. आपल्याकडे जिओ आलं त्याच्या पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये. त्याआधी डोंगल लावून, जीबी जीबी जपून नेट वापरणाऱ्या घरांत या सहा जीबींचे पैसे कुणी भरले? न मागितलेल्या मालाचं भाडं ग्राहकाकडून वसूल करण्याचा हा प्रकार होता. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात चिंको नावाच्या अरण्यात शिकारी टोळ्यांशी झगडणारे वनरक्षक उपग्रहाच्या महागड्या नेटवर काम करत होते. २०१६ मध्ये त्यांच्या एका लॅपटॉपवर विंडोज १० आपोआप उतरू लागली, तेव्हा त्यांना जगापुढे येऊन हे थांबवा असं सांगावं लागलं. भर जंगलात, सशस्त्र टोळ्यांच्या मागावर असलेल्या माणसांचा डेटा एका जाहिरात मोहिमेत खर्ची पडत होता.

आणि विंडोज १० ने तुमचा डेटा फक्त खाली उतरवण्यासाठीच वापरला असंही नाही. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' या सोयीखाली तुमच्या संगणकात आलेलं अपडेट तुमच्याच नेटवरून अनोळखी लोकांच्या संगणकांना पुरवलं जाई, आणि २०१५ मध्ये होम आवृत्तीत ही सोय न विचारता चालू करून दिलेली होती. कंपनीच्या वाटपाचा भार ग्राहकाच्या डेटा पॅकवर.

कळस झाला मे २०१६ मध्ये. खिडकीच्या कोपऱ्यातली लाल फुली म्हणजे बंद करा, रद्द करा, हे वर्षानुवर्षं संगणकाने माणसाला शिकवलं होतं. त्या महिन्यात आलेल्या खिडकीत नव्या आवृत्तीची वेळ आधीच ठरवून टाकलेली होती आणि फुलीवर टिचकी मारली तर ती वेळ तुम्हाला मान्य आहे असं धरलं जात होतं. नकाराची जी एकच खूण सगळ्यांना ठाऊक होती, ती होकारासाठी वापरली गेली. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे विपणनप्रमुख ख्रिस कॅपोसेला यांनी जाहीरपणे मान्य केलं की यात मर्यादा ओलांडली गेली, ते काही तासांतच कळलंही होतं, तरी बदल लोकांपर्यंत पोहोचायला जवळजवळ दोन आठवडे लागले. तोवर कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटो गावच्या एका प्रवास-व्यावसायिक बाईंनी, न मागितलेल्या विंडोज १० मुळे धंद्याचा संगणक निकामी झाला म्हणून, मायक्रोसॉफ्टकडून १०,००० डॉलर भरपाईचा निकाल मिळवला होता. कंपनीने चूक मान्य केली नाही, फक्त अपील मागे घेतलं. जर्मनीत बाडेन-वुर्टेम्बर्गची ग्राहक संघटना न्यायालयात गेली आणि २०१७ मध्ये ग्राहकाच्या संमतीशिवाय अशा फायली उतरवणार नाही, असं कंपनीकडून लिहून घेऊन आली. जिथे लोक भांडले तिथे कंपनी नमली. हे आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

फुकट विंडोज १० च्या त्या वर्षभरात सामान्य माणसाने धडा घेतला तो एवढाच की अपडेट बंद करावं. स्टीव्ह गिब्सन या जुन्या सुरक्षातज्ज्ञाने 'नेव्हर१०' नावाची चिमुकली प्रणाली लिहून फुकट वाटली, ती केवळ ही घुसखोरी अडवण्यासाठी. एका सुरक्षातज्ज्ञावरच नवी आवृत्ती अडवायचं साधन लिहून देण्याची वेळ यावी, यात त्या मोहिमेने काय नासवलं ते सगळं आलं.

विंडोज ७ मध्ये तुम्ही यादी बघून एकेक दुरुस्ती निवडू शकत होता. एखाद्या दुरुस्तीने प्रिंटर बिघडतो असं कळलं तर तेवढी सोडून बाकीच्या घेता येत होत्या. ऑक्टोबर २०१६ पासून विंडोज ७ आणि ८.१ वरही महिन्याच्या सगळ्या दुरुस्त्या एका गाठोड्यात बांधल्या गेल्या. घ्यायचं तर सगळं घ्या. विंडोज १० च्या होम आवृत्तीत तर लांबणीवर टाकण्याची सोयही नव्हती.

ती कधी मिळाली ते पाहण्यासारखं आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची १८०९ ही सहामाही आवृत्ती आली आणि काही लोकांच्या 'डॉक्युमेंट्स'सारख्या फोल्डरांतल्या फायली पुसून गेल्या. लेकरांचे फोटो, प्रबंध, हिशेब. चाचणी करणाऱ्या स्वयंसेवकांनी हा दोष आधीच कळवलेला होता, पण ते कळवणं ढिगाऱ्यात दबून गेलं. कंपनीने काही दिवसांत वितरण थांबवलं, १३ नोव्हेंबरला दुरुस्त आवृत्ती दिली आणि असं सांगितलं की तक्रारी दहा हजारांत एक एवढ्याच आहेत. ज्याचा प्रबंध गेला त्याला या हिशेबाचा काय उपयोग? त्यातही संतापजनक बाब अशी की 'अपडेट आहे का ते तपासा' या बटणावर टिचकी मारणं म्हणजे अख्खी नवी आवृत्ती मागणं, असा अर्थ कंपनी लावत होती. लोकांनी चौकशी केली, त्यांच्या गळ्यात माल मारला गेला. एवढं सगळं झाल्यावर मे २०१९ मध्ये होम आवृत्तीवाल्यांना जास्तीत जास्त ३५ दिवस अपडेट थांबवण्याची मुभा मिळाली आणि नव्या आवृत्तीसाठी वेगळं बटण आलं. ही मुभा तांत्रिकदृष्ट्या कधीही देता आली असती. ती दिली गेली लोकांच्या फायली गेल्यानंतर.

आता मला सर्वांत जास्त चीड आणणाऱ्या गोष्टीकडे येतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या वेगळ्या करताच येत नाहीत, सगळं एकात एक गुंतलेलं आहे, ही मखलाशी आपण इतकी वर्षं ऐकतो. ती खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचा पुरावा मायक्रोसॉफ्ट स्वतःच विकते. विंडोज एंटरप्राइझ एलटीएससी या नावाची एक आवृत्ती आहे. एटीएम, कारखान्यातली नियंत्रणयंत्रं, इस्पितळांतली उपकरणं यांच्यासाठी. तिच्यात सहामाही-वार्षिक उलथापालथ नाही, स्टोअर नाही, गेम नाहीत. वर्षानुवर्षं तीच प्रणाली, आणि तिच्यावर फक्त दुरुस्त्या. विंडोज १० ची २०१९ सालची एलटीएससी आवृत्ती जानेवारी २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना मिळणारी २०२१ ची आयओटी एलटीएससी तर जानेवारी २०३२ पर्यंत. म्हणजे घरगुती माणूस जे मागतो आहे, शांत, स्थिर, फक्त भोकं बुजवणारी विंडोज, ती तयार आहे, चालू आहे, तिच्यावर माणसं काम करत आहेत. ती तुम्हाला दुकानात मिळत नाही. घाऊक परवाने घेणाऱ्या संस्थांनाच मिळते. सदाशिव-नारायण पेठांत पेजमेकर ७ आणि श्री-लिपीवर मराठी पुस्तकांची जुळणी करणाऱ्या माणसाला यंत्राने उद्याही आजच्यासारखंच चालावं एवढंच हवं असतं. पेजमेकर ७ आलं २००१ साली. त्याच्या खालची प्रणाली दर वर्षी बदलत राहणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं. बँकेच्या एटीएमला जी स्थिरता मिळते ती या माणसाला का नाही? पैसे तोही देतोच की.

डेबियनसारख्या मुक्त प्रणालीत सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा साठाच वेगळा ठेवलेला असतो. स्थिर आवृत्तीत नव्या हौसेला जागा नाही, भोकं तेवढी बुजवली जातात. जगभरचे स्वयंसेवक मिळून जे करतात ते जगातल्या धनाढ्य कंपन्यांपैकी एकीला जमत नाही, यावर मी विश्वास ठेवणार नाही. जमतं. करायचं नाही. कारण दुरुस्त्या वेगळ्या काढल्या तर बाकीचा माल लोक घेणार नाहीत, हे तिला ठाऊक आहे. एप्रिल २०२४ च्या अपडेटमधून विंडोज ११ च्या स्टार्ट मेनूत 'शिफारशी'च्या नावाखाली अॅप्सच्या जाहिराती आल्या. विकत घेतलेल्या वस्तूच्या तोंडावर जाहिरात चिकटवायला ही वाट लागते, म्हणून ती मोकळी ठेवायची.

माझ्या विरोधकांचं सर्वांत मोठं अस्त्र म्हणजे वॉनाक्राय. १२ मे २०१७ रोजी या खंडणीखोर प्रणालीने जगभर संगणक कुलूपबंद केले, ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तिने वापरलेलं भोक बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच आलेली होती. ती घेतली असती तर हे टळलं असतं, असं म्हणतात, आणि ते खरं आहे. पण या तारखा नीट वाचा. मध्ये जवळजवळ दोन महिने आहेत. दुरुस्ती आल्या दिवशी, आल्या तासाला घेतली नाही म्हणून कुणी बुडालं नाही. दोन आठवडे थांबून, ती इतरांचे संगणक पाडत नाही हे बघून, स्वतःच्या हाताने बसवणारा माणूस त्या दिवशी पूर्ण सुरक्षित होता. शिवाय ब्रिटनची इस्पितळं काही होम आवृत्तीवाली नव्हती. अपडेट लांबवण्याचा सगळा अधिकार असलेल्या संस्थांनी आळस केला, आणि त्याचा दाखला देऊन अधिकार काढून घ्यायचा तो घरच्या माणसाचा, हा कुठला न्याय?

शिवाय दुसरीही तारीख आहे, ती हे लोक कधी सांगत नाहीत. २७ जून २०१७. त्या दिवशी नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर अडकले, ट्रकांच्या रांगा लागल्या. तो हल्ला शिरला कुठून? एम.ई.डॉक या युक्रेनमधल्या हिशेबाच्या प्रणालीच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी अपडेट पाठवणाऱ्या सर्व्हरचाच ताबा घेतला होता. ज्यांनी इमानेइतबारे अपडेट घेतलं त्यांच्याच संगणकांतून तो पुढे पसरला. आपोआप उतरणारं अपडेट हे स्वतःच एक दार आहे, आणि दाराची कडी घरमालकाच्या हातात नसेल तर त्याला सुरक्षा म्हणण्यात अर्थ नाही.

१९ जुलै २०२४ चा प्रकार तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फायलीने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे केले. मुंबईच्या विमानतळावर रांगा लागल्या, इंडिगोच्या प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. ते विंडोजचं अपडेट नव्हतं, पण रोग तोच. आपल्या मूळ प्रणालीच्या नव्या आवृत्त्या मुद्दाम उशिरा घेण्याचं ठरवलेल्या ग्राहकांनाही ही फाइल गेली, कारण अशा फायलींना ती मर्यादा लागू नव्हती. पुढे कंपनीने जे उपाय जाहीर केले त्यांत टप्प्याटप्प्याने वितरण होतं, आणि अशा फायली कधी व कुठे उतरवायच्या यावर ग्राहकाला अधिक नियंत्रण देणंही होतं. बड्या गिऱ्हाइकांची विमानं जमिनीवर आली तेव्हा नियंत्रण देता आलं.

आणि आता २०२५ नंतरची गंमत नव्हे, क्रूरता पाहा. मे २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने विंडोज १० ही शेवटची विंडोज आहे असं व्यासपीठावरून सांगितलं होतं. २०२१ मध्ये विंडोज ११ आली, टीपीएम २.० ची चिप आणि नवा प्रोसेसर यांची अट घेऊन. धडधाकट चालणारे कोट्यवधी संगणक त्या अटीत बाद झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या थांबल्या. ज्यांना अपडेट नको होतं त्यांच्या घरात ते रात्री घुसवलं, आणि आज ज्यांना फक्त सुरक्षेची दुरुस्ती हवी आहे त्यांच्यासाठी दार लोटून घेतलं. घरगुती ग्राहकाला एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत दिली, तीही ३० डॉलर भरा, नाहीतर आमच्या रिवॉर्डचे गुण द्या, नाहीतर तुमच्या सेटिंग्जचा बॅकअप आमच्या खात्यात चढवा, अशा अटींवर. युरोपीय आर्थिक क्षेत्रात ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा तिथल्या लोकांसाठी बॅकअपची आणि पैशांची अट गळून पडली. कंपन्यांना हीच मुदत पैसे भरून तीन वर्षं मिळते. म्हणजे दुरुस्त्या तयार होणारच आहेत. त्या कोणाला द्यायच्या एवढाच प्रश्न, आणि त्या यादीत सोलापूर-सांगलीतला शिक्षक नाही.

तर अपडेट आपोआप होणं थांबवा. मी थांबवलं आहे. कसं, ते सांगतो, कारण नुसतं चिडून काही होत नाही.

होम आवृत्तीत सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'मध्ये 'पॉज' आहे. ते पूर्ण पाच आठवड्यांचं लावा. मुदत संपली की साचलेली अपडेट घेतल्याशिवाय पुन्हा थांबवता येत नाही, म्हणून महिन्यातला एक सवडीचा दिवस यासाठी ठरवा. दुसरा मंगळवार उलटून दहा-पंधरा दिवस झाले की एखाद्या महिन्याच्या अपडेटने काय काय बिघडलं ते सगळीकडे पसरलेलं असतं. तोवर थांबा, महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, ती डिस्क काढून ठेवा, आणि मग अपडेट बसवा. दुरुस्त्या कायमच्या बंद ठेवू नका. तेवढा हट्ट अंगाशी येईल.

नेट मोजून मिळत असेल तर त्या वाय-फायला किंवा केबलला 'मीटर्ड कनेक्शन' अशी खूण करा आणि 'मीटर्डवरूनही अपडेट उतरवा' हा खटका बंद आहे ना ते पाहा. फोनचा हॉटस्पॉट वापरणाऱ्यांनी तर हे आजच करावं. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये इतर संगणकांना पुरवठा करण्याची परवानगी काढून टाका. अॅक्टिव्ह अवर्स अठराचे करा.

प्रो आवृत्ती असेल तर खरा इलाज आहे. ग्रुप पॉलिसीत 'कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स'मध्ये दुसरा पर्याय निवडला की उतरवण्याआधी संगणक तुम्हाला विचारतो. तिथेच आवृत्ती ठरवून देण्याची सोयही आहे. अमुक आवृत्तीवर थांब म्हटलं की, तिची मुदत संपेपर्यंत, तो तिथे थांबतो. नोंदणी-फायलीतल्या याच नोंदी करून देणारी 'इनकंट्रोल' ही छोटी प्रणाली त्याच स्टीव्ह गिब्सन यांनी फुकट ठेवलेली आहे. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचं पानच उघडत नाही. प्रोसाठी जे जादा हजारो रुपये मोजायचे, त्यांतला एक मोठा भाग आपल्याच संगणकाने आपल्याला विचारावं यासाठी असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

विंडोज अपडेटची सेवाच बंद करून टाका, असा सल्ला बरेच जण देतात. मी तो देत नाही. त्या सेवेवर पहारा ठेवायला 'विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस' नावाची दुसरी सेवा बसवलेली आहे. मालकाने पहिली बंद केली की ती पुन्हा उभी करणं हे तिचं काम. मालकाच्या आज्ञेविरुद्ध काम करण्यासाठीच लिहिलेला भाग प्रणालीत असावा, एवढ्यावर एरवी खटला उभा राहिला असता.

आणि कायदा आपल्याकडे आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ सांगतं की मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं, त्यात व्हायरस किंवा घातक प्रणाली घालणं, त्याच्या कामात व्यत्यय आणणं यासाठी भरपाई द्यावी लागेल. कंपन्या यातून सुटतात त्या पहिल्या दिवशी 'मान्य आहे' म्हणून घेतलेल्या लांबलचक करारावर. ज्या कराराला नकार दिला तर विकत घेतलेली वस्तू चालूच होत नाही, त्यावरची सही संमती कशी मानायची? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार त्यात मोजले आहेत. सतत पिच्छा पुरवणं त्यात आहे, जबरदस्तीने कृती करायला लावणं आहे, पडद्याची रचना अशी करणं आहे की ग्राहकाला हवं ते सापडू नये. विंडोज ११ होम सुरू करताना नेट जोडून कंपनीचं खातं उघडण्याची सक्ती, अपडेटच्या खिडक्यांतून नव्या आवृत्तीचा चालणारा आग्रह, हे या यादीतच बसतं असं मी मानतो. खरेदीच्या संकेतस्थळांना नोटिसा जातात तशी एक नोटीस इथेही गेली पाहिजे.

ग्राहक पंचायतीची चळवळ पुण्या-मुंबईत पन्नास वर्षांपूर्वी उभी राहिली. तिने हा विषय हातात घ्यावा. बाडेन-वुर्टेम्बर्गच्या ग्राहक संघटनेला जे जमलं ते आपल्या संघटनांना न जमण्याचं काही कारण नाही. मागण्या सरळ आहेत. सुरक्षेच्या दुरुस्त्या वेगळ्या द्या, त्या नेहमीप्रमाणे चालू असल्या तरी माझी हरकत नाही. बाकी प्रत्येक बदलाला होम आवृत्तीतही कायमचा नकार देता आला पाहिजे. रिस्टार्ट मालकाच्या हुकमाशिवाय होता कामा नये. आणि कंपन्यांना जितकी वर्षं दुरुस्त्या विकता, तितकी वर्षं त्या घरांनाही द्या.

अपडेटने नुकसान झालेल्यांनी गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना विंडोज अपडेटमधली 'अपडेट हिस्टरी' उघडा, अपडेटचा केबी क्रमांक आणि तारीख उतरवून घ्या, पडद्याचा फोटो काढा, दुरुस्तीवाल्याने घेतलेल्या पैशांची पावती मागून घ्या, आणि बुडालेल्या कामाचा हिशेब लेखी मांडून सोबत जोडा.